घरातला फोन कुणाचा

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, आणि शाळेतल्या निबंधांशिवाय सलग असं मी कधी काही लिहिलेलं नाही. मी उठून तुमच्यासमोर चार पानं मांडावीत, हे मलाच जरा जास्त वाटतंय. पण ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, खोलीवरच्या मित्रांना नाही, आणि ज्या मॅडमनी मला एवढं शिकवलं त्यांना तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येईल. बघू.

मला भीती वाटते, हे आधीच सांगून ठेवतो. घरून फोन आला की मी तो पहिल्यांदा वाजू देतो, उचलत नाही. मग पाणी पितो आणि मीच परत फोन लावतो. आईला वाटतं, पोरगा अभ्यासात असतो.

आमचं गाव तेर गावाच्या पुढं, नदीच्या अंगाला. वडील मेंढरं राखतात, थोडी कोरडवाहू जमीन आहे. शेजारचं घर माझ्या थोरल्या चुलत्यांचं. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो आणि चुलतीला मोठी आई. घरं दोन, पण अंगण एकच. त्यांचा मुलगा संभादादा टँकर चालवतो, आठ-आठ दिवस हैदराबादच्या बाजूला असतो. त्याची बायको म्हणजे रेखावहिनी. त्यांना दोन मुली.

मी पुण्यात डिझाइन शिकतो. आमच्या विषयाला युएक्स म्हणतात. घरी समजावून सांगायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो होतो, एखादी वस्तू वापरताना माणूस कुठं अडतो ते बघायचं आणि ती अडचण काढायची. त्यासाठी आधी माणूस ओळखायचा, तो कसा राहतो ते बघायचं. वडील शांतपणे म्हणाले, "म्हंजी दुसऱ्याच्या घरात डोकावायचं. त्याला एवढी फी?" सगळं अंगण हसलं होतं. मीही हसलो होतो.

तिसऱ्या वर्षी आम्हाला एक मोठं काम मिळालं. खेड्यातल्या बायकांसाठी एक अ‍ॅप करायचं. गरोदरपणातली तपासणी, बाळाची लस, पाळणा लांबवायच्या गोळ्या, अशा गोष्टींची आठवण करून देणारं. वाचता येत नसलं तरी चालावं म्हणून ते बोलणार होतं. आमच्या गटात चौघं, त्यातला खेड्यातून आलेला मी एकटा. मॅडम म्हणायच्या की संस्कृती म्हणजे सण आणि साड्यांचे रंग नव्हेत. घरात कोण कुणासमोर बसत नाही, कोण कुणाला विचारल्याशिवाय काय करत नाही, ते बघा. आणि माझ्याकडं वळून म्हणायच्या, "हा आपला नकाशा."

मला नकाशा म्हटलेलं फार आवडलं. पहिल्या वर्षी मला "तुमच्याकडे लाईट असते का?" असं विचारणारी हीच मुलं होती. आता तीच माझ्या तोंडाकडं बघत होती — एखादा माणूस आयुष्यात कितीदा नकाशा होतो?

एक दिवस गटातली मुक्ता म्हणाली, "पण फोन त्या बाईच्याच हातात असतो ना? बोलताना दुसऱ्या कुणी ऐकलं तर?"

सरळ प्रश्न होता. बरोबर प्रश्न होता. आणि मला राग आला. का आला? मला वाटलं, ही आता विचारणार की तुमच्याकडं बायकांना फोन देतात तरी का. मला वाटलं, पुन्हा ते लाईटवालं हसू येणार. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "आमच्याकडं आता सगळ्या बायकांकडं स्वतःचा फोन आहे."

मुक्ता "सॉरी" म्हणाली.

आता हे खोटं होतं का? वहिनींकडं फोन होताच. दादानंच घेऊन दिला होता, बाहेरगावी असताना मुलींची तोंडं बघायला मिळावीत म्हणून. पण आमच्याकडं घरातला फोन कुणाचा असतो, हे मला माहीत नव्हतं का? फोन भिंतीतल्या देवळीत असतो. जो बाहेर निघतो तो ज्याला चार्जिंग आहे तो फोन उचलतो. आण्णांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज कायम पूर्ण. आणि बोलायचं ते स्पीकरवरच. बहिणीचा फोन असो नाहीतर व्याह्यांचा, सगळं घर त्यात बोलतं, अंगणातून कुणीतरी ओरडून "मला बी बोलू दे" म्हणतं. फोन कानाला लावून कुणी कोपऱ्यात गेलं की मोठी आई लगेच विचारते, "काय चोरून बोलायलीस गं?"

हे सगळं मला पाठ होतं. मी त्यातच वाढलोय. नकाशावर हीच जागा मी मुद्दाम कोरी ठेवली — लाज वाटली म्हणून. आमचं घर त्या तिघांसमोर मागासलेलं दिसेल म्हणून.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मी पुढं गेलो. बाकीच्यांना नुसती एक मंद घंटी आणि "तुमची वेळ झाली आहे" एवढंच वाक्य हवं होतं. मी म्हणालो, असलं मोघम आमच्या बायकांना कळत नाही, स्पष्ट बोला, आमच्यासारखं बोला. वाक्य मी तयार केलं. सोलापूरच्या एका मुलीकडून खणखणीत आवाजात म्हणून घेतलं — "ताई, आजची पाळणा लांबवायची गोळी घेतली का? घेतली असंल तर हिरवं बटण दाबा." बटण दाबेपर्यंत ते पुन्हा पुन्हा बोलणार. हेही माझंच, कारण कामाच्या गडबडीत बाई पहिल्यांदा लक्ष देणार नाही. आवाज बंद करायची सोय ठेवायची का, असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, गरज नाही.

वर्गात ते वाक्य वाजवलं तेव्हा टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, "याला म्हणतात माणसं समजणं." मी खाली बघून हसलो.

अजून मी मुद्द्यावर आलेलो नाही, मला कळतंय. येतो.

दिवाळीला गावी आलो. खऱ्या बायकांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून बघायचं होतं. पण गल्लीतल्या कुठल्या बाईला जाऊन मी असलं काही विचारणार? मी कुणाचा दीर, कुणाचा पुतण्या. जीभ रेटेना. शेवटी वहिनींना म्हणालो. दुपार होती. मोठी आई शेताला, आण्णा मेंढरांमागं. वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी एकेक चित्र दाखवत गेलो तशा त्या सुपाआडून बघून हसत होत्या.

"भाऊजी, कालिजात ह्येच शिकवतेत व्हय? बायकांचं? लगीन झाल्यावर लई उपेगी पडंल बघा तुम्हाला."

मग गोळ्यांचं चित्र आलं आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आधी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. धाकट्या मुलीच्या वेळी रक्त थांबत नव्हतं, सोलापूरला नेलं होतं, हे मला माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाले ते माहीत नव्हतं. आता परत दिवस राहिले तर जीवावर बेतेल, असं त्यांनी दादाच्या तोंडावर सांगितलं होतं. दादा "बघू" म्हणाला होता. मोठी आई म्हणाली होती, डॉक्टर असंच भ्या घालतेत, एक पोरगं तर पाहिजेच की. वहिनींनी उपकेंद्रातल्या नर्सबाईकडून गोळ्या आणायला सुरुवात केली. ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवत होत्या. पण मधेच एखादा दिवस चुकायचा.

"हे रोज आठवण करतंय व्हय?" त्यांनी विचारलं. मग आवाज बारीक करून, घरात कुणी नसतानाही, "कुणाला कळणार न्हाय ना, भाऊजी?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. तुमचा फोन आहे. तुमच्याशिवाय कुणाला कळणार?"

त्या हसल्या. "माझा फोन व्हय!" म्हणाल्या. ते हसू काय होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मला कळलं नाही असं मी आजपर्यंत स्वतःला सांगत आलो, पण तुम्हाला नाही सांगणार. मला कळलं होतं. तरीही मी अ‍ॅप टाकलं. त्या एकट्या असतात ती दुपारची वेळ लावली. मला खरी बाई मिळाली होती, खरं दुःख असलेली, खरी गरज असलेली. मॅडमना काय सांगायचं, कसं सांगायचं, याची वाक्यं माझ्या मनात तयारही व्हायला लागली होती.

मी पुण्याला परत आलो. काही आठवडे सगळं ठीक चाललं. बटण रोज दाबलं जायचं, ते आम्हाला पुण्यात दिसायचं. कुणाचं नाव दिसायचं नाही, नुसता एक हिरवा ठिपका. मी रोज तो ठिपका बघायचो. मुक्ता म्हणायची, "तुझ्या ताई एकदम नियमित आहेत."

मग एक दिवस गावात लाईट नव्हती. आण्णांच्या फोनचं चार्जिंग संपलेलं. त्यांना मेंढ्यांच्या व्यवहाराला येरमाळ्याला जायचं होतं. त्यांनी देवळीतला वहिनींचा फोन उचलला, खिशात टाकला आणि गेले. यात काहीच वेगळं नव्हतं. आमच्याकडं असंच करतात. वहिनी मुलींना अंघोळ घालत होत्या, त्यांना कळलं तेव्हा एसटी निघून गेली होती.

येरमाळ्याला हायवेवरच्या हॉटेलात आण्णा पाहुण्यांबरोबर चहाला बसले होते. आणि त्यांच्या छातीवरच्या खिशातून माझं वाक्य बोललं. पूर्ण आवाजात.

हे मला नंतर वडिलांनी सांगितलं. आधी सगळे हसले म्हणे. आण्णाही हसले. कुणीतरी म्हणालं, "काय आण्णा, ह्या वयात पाळणा लांबवायलाव व्हय?" दुसरा म्हणाला, "म्हातारीला इचारलं का आधी?" आण्णांनी फोन काढला, पण तो बंद कसा करायचा ते त्यांना कळेना. ते पुन्हा बोललं. पुन्हा. हिरवं बटण दाबा, हिरवं बटण दाबा. पाहुण्यांचं हसू हळूहळू थांबलं, कारण फोन कुणाचा आहे ते आण्णांच्या तोंडावरून त्यांना कळत गेलं. त्यातल्याच एकानं शेवटी बटण दाबलं.

त्या दुपारी पुण्यात मला हिरवा ठिपका दिसला होता. थोडा उशिरा, पण दिसला होता.

संध्याकाळी आण्णांचा फोन आला. गावातल्या सगळ्यांचे मोबाईल मीच नीट करून देतो, म्हणून मला विचारायला. स्पीकरवर. मला भांड्यांचा आवाज येत होता, धाकटीचं रडणं येत होतं, दादा खोकल्याचं ऐकू आलं. तो नेमका घरी होता. म्हणजे सगळे तिथंच होते. वहिनीही.

"आरं, ह्या फोनात एक बाई बोलायलीय," आण्णा म्हणाले. आवाज शांत होता. मला त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली. "गोळ्यांचं. कुणी घातलं हे? तू आलतास दिवाळीला. तू घातलंस का?"

इथपर्यंत आलो. आता सांगतो.

मी म्हणालो, "न्हाय आण्णा. मला न्हाय माहिती."

मग मोठी आई म्हणाली, "मग हिच्या भावाचंच काम. त्याचं नळदुर्गात मोबाईलचं दुकानच हाय की." आण्णांनी मला विचारलं, "त्याचं असंल व्हय रं?"

मी म्हणालो, "असंल."

एवढंच. एवढा एकच शब्द. वहिनी तिथं उभ्या होत्या, त्यांनी तो ऐकला. त्या म्हणू शकल्या असत्या, भाऊजी खोटं बोलतेत. मी थांबलो होतो त्यासाठी. खरं सांगायचं तर मी त्यांच्या आवाजाची वाट बघत होतो — भिंतीला टेकून, कान फोनला दाबून. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाचवायला, की माझी किंमत कळली म्हणून, की बोलून काय उपयोग म्हणून? मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. मोठी आई म्हणाली, "तू अभ्यास कर बाबा, ह्यात पडू नको," आणि फोन बंद झाला.

त्याच आठवड्यात वहिनींना माहेरी पाठवलं. नळदुर्गच्या बाजूला. धाकटी बरोबर दिली, थोरलीला ठेवून घेतलं. त्यांचा भाऊ समजूत काढायला आला तर आण्णांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं. असले धंदे तुझ्या दुकानात कर म्हणाले. तो शपथा घेत होता म्हणे, की मला यातलं काहीच ठाऊक नाही. कुणाला खरं वाटलं नाही. त्याचं खरं होतं, हे सांगणारा माणूस पुण्यात बसून वाक्यं जुळवत होता.

वर्गात मी सांगितलं की एका बाईनं फोन बदलला म्हणून ती आपल्या कामातून बाहेर पडली. मग मी असंच सुचल्यासारखं म्हणालो, आपण आवाज बंद ठेवायची सोय करू या, आणि गोळी हा शब्दही काढून टाकू या. मुक्ता माझ्याकडं बघत राहिली. मॅडमना ती सूचना फार आवडली. शेवटच्या सादरीकरणात त्यांनी तिचा वेगळा उल्लेख केला. गावाकडची नजर, असं काहीतरी म्हणाल्या.

त्यानंतर मी गावी कमी गेलो. गेलो तेव्हा थोरली मुलगी अंगणात खेळताना दिसायची. ती मला काका म्हणते. तिनं मला एकदा तिच्या आईला फोन लावून द्यायला सांगितलं होतं, कारण तिला नंबर लावता येत नव्हता. मी लावून दिला. पलीकडं घंटी जाताच फोन तिच्या हातात दिला आणि अंगणाबाहेर निघून गेलो. मागून तिचा आवाज येत होता, "आई, काकानं लावून दिला." मी पाय उचलून चाललो होतो, पळत नव्हतो एवढंच.

मी घाबरलो होतो, हे कारण नाही. घाबरलेले तर सगळेच होते. वहिनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त घाबरलेल्या होत्या आणि तरी त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. मी नकाशा होतो म्हणे. मला माझ्या माणसांचं सगळं ठाऊक होतं. त्यांचा आवाज, त्यांची थट्टा, कोण कुठं बसतं, कोण कुणाला भितं. ते ठाऊक असल्यामुळंच मला त्या संध्याकाळी बरोबर कळलं होतं की "असंल" म्हणालो की विषय संपेल. ज्ञानाचा वापर मी असा केला.

परवा आईचा फोन आला. नेहमीसारखा मी आधी वाजू दिला, पाणी प्यायलो आणि मीच परत लावला. आई खुशीत होती. मागं बायकांचे आवाज येत होते, मोठी आईही असावी.

"रेखाला आणलं की रं परत," आई म्हणाली. "लई दिवस झाले, तुला सांगायचंच राहिलं. संभा जाऊन घेऊन आला. आण्णांनी एकच सांगितलं, आता गोळ्या-बिळ्या न्हायत. तिनं मान हलवली. थोरली तर गळ्यात पडून आईला सोडंनाच."

मी म्हणालो, "बरं झालं."

"आरं, पुढचं ऐक की. सगळं गोड झालं. तिला दिवस गेलेत. चौथा लागलाय."

मी विचारलं, सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवलं का. आई हसली. मागं कुणालातरी माझा प्रश्न तिनं मोठ्यानं सांगितला आणि त्या सगळ्याजणी हसल्या.

"दाखवतील की," ती म्हणाली. "अजून लई येळ हाय."